कुरे बंदरापासून हिंदनगरापर्यंत : महायुद्धानंतर परदेशी राहिलेले आपले जवान

शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांचा इतिहास कोणी लिहावयास घेतला, म्हणजे त्याची लेखणी साहजिकच माहुलीच्या दुर्गाकडे, नाणेघाटातील लेण्याकडे व सिद्धगडाकडे वळते. ते योग्यच आहे. निजामशाहीच्या अखेरच्या दिवसांत शहाजीराजांनी ज्या माहुलीचा आश्रय केला ती आपल्या दारात उभी आहे. आणि सातवाहनांचा शिलालेख ज्या घाटात आहे तोच घाट चढून आपले पूर्वज जुन्नरच्या बाजारास जात असत. परंतु या थोर इतिहासाच्या सावलीत एक लहानसा व अगदी अलीकडचा इतिहास कोमेजून चालला आहे. दुसरे महायुद्ध संपून तोफा थंडावल्यावर जे जवान घरी न येता दोस्त राष्ट्रांच्या छावण्यांत, परक्या भूमीवर पहारा करीत राहिले, त्यांचा तो इतिहास होय. लढाईत पडलेल्या वीराचे नाव कोठे ना कोठे दगडावर कोरले जाते. लढाई संपल्यावर ज्याने गोदामाच्या दारावर रात्री काढल्या, त्याचे नाव कोरण्याचे कोणास सुचत नाही.

प्रस्तुत लेखकाची उभी हयात या दोन तालुक्यांतील जिल्हा परिषदेच्या शाळांत गेली. खेड्यातील मास्तर म्हणजे गावाचा अर्जनवीसही असतो. संध्याकाळी शाळेच्या ओट्यावर कोणी ना कोणी वृद्ध शिपाई, नाईक वा हवालदार आपले जीर्ण ‘डिचार्ज’ पुस्तक फडक्यात गुंडाळून घेऊन येई, सैनिक बोर्डाकडे अर्ज लिहून मागे, आणि अर्ज लिहून झाल्यावर चहाच्या कपाबरोबर आपली हकिगत सांगू लागे. १९७८ पासून पुढील वीस-बावीस वर्षांत अशा हकिगती पुष्कळ कानांवर आल्या व त्यांतील काही टिपून ठेविल्या गेल्या. सांगणाऱ्यांपैकी आज कोणी हयात नाही. त्यांची नावे येथे दिलेली नाहीत. ज्यांची माणसे आहेत ती कुटुंबे आपापल्या आजोबांस ओळखतीलच.

प्रथम हे लोक पलटणीत गेले कसे, ते पाहिले पाहिजे. १९३९ साली हिंदी सैन्याची संख्या दोन लाखांच्या आसपास होती. १९४५ साली ती २५ लाखांवर गेली. एवढी प्रचंड भरती सक्तीवाचून झाली, ती केवळ शौर्याच्या ओढीने झाली असे समजणे भाबडेपणाचे होईल. आपल्या भागात पावसावरचे एक भातपीक, वरकस जमिनीत थोडी नाचणी-वरी, आणि दिवाळी सरली की सावकाराचा तगादा, अशी स्थिती होती. मुरबाडास रेल्वे नव्हती. कल्याणास मात्र युद्धकाळात लष्कराची विस्तीर्ण छावणी उठली होती. हीच छावणी फाळणीनंतर सिंधी निर्वासितांस देण्यात आली व तिचे उल्हासनगर झाले. या छावणीत हमाली, सुतारकाम, स्वयंपाक अशी कामे करावयास गेलेला तरुण गणवेश, पोटभर अन्न आणि दरमहा घरी जाणारी मनीऑर्डर डोळ्यांनी पाही. एका हवालदाराने तर सांगितले की, म्हशाच्या जत्रेत बैल विकावयास नेला होता, तो विकून पैसे भावाच्या हाती दिले आणि आपण परस्पर भरती झालो. घरी बातमी कळली ती पहिल्या मनीऑर्डरीने.

येथे आपल्या ज्ञातीपुरती एक गोष्ट नमूद करणे अवश्य आहे. मराठा लाइट इन्फन्ट्रीची भरती प्रामुख्याने सातारा, रत्नागिरी, कुलाबा या बाजूची. ठाणे जिल्ह्याचा वाटा त्यात लहान. शिवाय पलटणीच्या दप्तरी आपल्या कुणबी जवानाची नोंद बहुधा ‘मराठा’ अथवा ‘कोकणी मराठा’ अशीच पडे. पुष्कळ जण तर लढाऊ पलटणीत नव्हेच, सर्व्हिस कोअरमध्ये मोटारचालक म्हणून, पायोनिअर तुकड्यांत मजूर म्हणून, लष्करी इस्पितळांत वॉर्डबॉय म्हणून गेले. त्यामुळे आपल्या समाजातील सैनिकांची यादी करावयास जो कोणी बसेल, त्यास ज्ञातीच्या रकान्यावरून काहीही हाती लागणार नाही. गावाच्या नावावरूनच शोध घ्यावा लागेल.

दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे, आणि ती टाळून चालणार नाही. याच मुरबाड तालुक्यात सिद्धगडाच्या रानात २ जानेवारी १९४३ रोजी भाई कोतवाल व हिराजी पाटील इंग्रजांच्या पोलिसांच्या गोळ्यांनी हुतात्मे झाले. त्याच वर्षी, त्याच तालुक्यातील तरुण त्याच इंग्रजाच्या फौजेत इटलीत व ब्रह्मदेशात लढत होते. क्वचित एकाच घरातील एक भाऊ आझाद दस्त्याला भाकरी पोहोचवी आणि दुसरा बेळगावच्या केंद्रात कवायत शिके. स्वातंत्र्यानंतर पहिल्याचा सन्मान झाला व तो व्हावयासच हवा होता. दुसरा मात्र आपण कोठे होतो हे सांगताना आवाज खाली आणी. ‘आम्ही पोटासाठी गेलो’ एवढे बोलून तो विषय बदले. हे मौन प्रस्तुत लेखकास कधीच रुचले नाही. पोटासाठी गेलेला मनुष्य प्रामाणिकपणे पहारा करू शकत नाही, असे थोडेच आहे!

आता मुख्य विषयाकडे वळू. जपानने २ सप्टेंबर १९४५ रोजी शरणपत्रावर सही केली. त्यानंतर जनरल मॅकआर्थर यांच्या सर्वोच्च अधिकाराखाली त्या देशाचा ताबा घेणाऱ्या सैन्यात अमेरिकेबरोबर ब्रिटिश राष्ट्रकुलाचीही एक सेना होती. तीत ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, ब्रिटन आणि हिंदुस्थान यांच्या तुकड्या होत्या. तिचे बळ भरतीच्या वेळी ४०,००० च्या घरात गेले होते. तिचे प्रमुख ऑस्ट्रेलियाचे लेफ्टनंट जनरल नॉर्थकॉट व त्यांच्यामागून लेफ्टनंट जनरल रॉबर्टसन होते. तिच्यातील ब्रिटिश-हिंदी डिव्हिजनचे नेतृत्व मेजर जनरल कोवन यांच्याकडे होते. या डिव्हिजनमध्ये हिंदुस्थानची २६८ वी ब्रिगेड होती व तीत तीन पलटणी होत्या : पहिल्या पंजाब रेजिमेंटची पाचवी, पाचव्या गुरखा रेजिमेंटची दुसरी, आणि मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली, म्हणजे १७६८ साली उभारलेली आपली ‘जंगी पलटण’. या ब्रिगेडचे नेतृत्व केलेल्या हिंदी अधिकाऱ्यांत श्रीनागेश आणि थिमय्या ही दोन नावे येतात. पुढे दोघेही स्वतंत्र भारताच्या भूदलाचे प्रमुख झाले. हिंदी अधिकाऱ्याच्या हाताखाली हिंदी ब्रिगेड परदेशात, ही गोष्ट आज साधी वाटते; १९४६ साली ती साधी नव्हती.

जंगी पलटण नुकतीच इटलीहून परतली होती. याच पलटणीचे शिपाई नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर जखमी सोबत्यांस पाठीवर घेऊन नदी ओलांडली व एकट्याने शत्रूची मशीनगनची ठाणी निकामी केली; त्याबद्दल त्यांस व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. घरी येऊन एक भातलावणीही पुरती न झालेल्या या लोकांस पुन्हा जहाजावर चढावे लागले. ते दिवसही विलक्षण होते. दिल्लीस लाल किल्ल्यात आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवरील खटला होऊन गेला होता. फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबई बंदरात नौसैनिकांनी उठाव केला होता. ज्या इंग्रजाविरुद्ध बंदरात तोफा रोखल्या गेल्या, त्याच इंग्रजाच्या जहाजांतून, त्याच वर्षी, आपले लोक पूर्वेकडे निघाले.

१९४६ च्या वसंतात या तुकड्या कुरे बंदरावर उतरल्या. कुरे हे जपानी आरमाराचे मोठे ठाणे. ‘यामातो’ ही अजस्र युद्धनौका तेथेच बांधली गेली होती. बाँबवर्षावाने त्याची जी दशा झाली होती ती सांगताना आपल्या वृद्ध शिपायांस एकच उपमा सुचे : राब भाजल्यानंतरचे शेत. बंदरात बुडालेल्या जहाजांच्या काठ्या पाण्याबाहेर आलेल्या, कारखान्यांचे लोखंडी सांगाडे वाकलेले, आणि त्यांतून बायामाणसे पाठीवर मूल बांधून शांतपणे वाट काढीत चाललेली. ‘शत्रू म्हणून ज्यांची भीती घातली होती ते लोक आम्हांला वाकून नमस्कार करीत, त्याचीच आम्हांला लाज वाटे,’ असे शहापूर तालुक्यातील एका नाइकाने सांगितले.

राष्ट्रकुल सेनेच्या वाट्यास होन्शू बेटाचा पश्चिम भाग व शिकोकू बेट आले होते. तेथील लोकवस्ती सुमारे २ कोटी होती. ब्रिटिश-हिंदी डिव्हिजनचे ठाणे ओकायामा येथे होते, आणि हिंदी ब्रिगेडचा मुख्य प्रदेश म्हणजे जपानी समुद्राच्या काठचे शिमाने व तोत्तोरी हे प्रांत. जवळच मिहो येथे रॉयल इंडियन एअर फोर्सचे चौथे स्क्वाड्रन आपली स्पिटफायर विमाने घेऊन होते. मात्र राज्यकारभार या सेनेकडे नव्हता. तो अमेरिकनांनी आपल्याच हाती ठेविला होता. आपल्या लोकांकडे राहिले ते पहाऱ्याचे काम. दारूगोळ्याची भुयारे शोधावयाची, मोजावयाची, समुद्रात नेऊन बुडवावयाची वा फोडून टाकावयाची. गोदामांवर रात्रंदिवस संत्री ठेवावयाचे. कोरियातून चोरून येणाऱ्या होड्यांवर किनाऱ्याने गस्त घालावयाची. खेड्यांतून संचलन करीत जावयाचे, म्हणजे ताबा आहे हे लोकांस दिसावे. टोकियोत सम्राटाच्या राजवाड्यावरील पहाऱ्याची पाळीही राष्ट्रकुलाच्या पलटणींवर येई व हिंदी पलटणींनीही ती बजाविली. ज्या सम्राटास त्याची प्रजा देव मानी आणि ज्याने १ जानेवारी १९४६ च्या घोषणेत आपल्या देवत्वाची कल्पना बाजूस सारली, त्याच्या दारावर मावळा संगीन लावून उभा राहिला. कोठे ते टोकियो आणि कोठे आपले सरळगाव-किन्हवली!

शिपायांच्या स्मरणात मात्र राजवाडा फारसा नव्हता. त्यांच्या स्मरणात थंडी होती. शिमानेच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात बर्फ पडते. इटलीत बर्फ पाहिलेले जुने जवान नव्या पोरांस पायमोज्यांत कागद भरावयास शिकवीत. दुसरी आठवण भुकेची, पण ती स्वतःच्या नव्हे. जपानात त्या वर्षी अन्नाची कमालीची टंचाई होती, आणि ताबा सेनेने स्थानिक धान्य-भाजी घेऊ नये असा सक्त नियम होता. आटा, डाळ, तूप सारे बाहेरून येई. जपानी लोकांशी सलगी करू नये असाही हुकूम निघाला होता. तो हुकूम लंगरखान्याच्या मागच्या दारी पाळला जात नसे, असे एकाहून अधिक जणांनी सांगितले. उरलेल्या चपात्यांसाठी पोरे रांगेने उभी राहत, चपाती मिळाली की ती अर्धी दुमडून खिशात ठेवीत व उरलेली अर्धी तेथेच खात. ‘घरी धाकटे भावंड असेल,’ असे म्हणून हे सांगणारे हवालदार बराच वेळ गप्प बसले होते. आपल्या भागातील दुष्काळी वर्षे ज्याने पाहिली आहेत त्यासच अर्ध्या चपातीचा अर्थ कळतो.

भूकंपाचीही एक आठवण आहे. २१ डिसेंबर १९४६ रोजी पहाटे दक्षिण जपानास प्रचंड भूकंपाचा धक्का बसला. शिकोकू बेटाची फार हानी झाली व तेराशेंहून अधिक माणसे मेली. पुढे ११ डिसेंबर १९६७ रोजी, तशाच पहाटे, कोयनेचा भूकंप झाला. त्याचा हादरा आपल्या भागातही जाणवला. प्रस्तुत लेखक त्या वेळी तिसरीत होता. सारे गाव गोंधळून अंगणात उभे असता आळीतील एक निवृत्त शिपाई मात्र सर्वांआधी गोठ्यातील जनावरे सोडावयास धावला. हे शहाणपण जपानात शिकलो, असे तो पुढे सांगत असे.

हिरोशिमा कुरेपासून जवळच. बाँब पडून वर्षही झाले नव्हते. तो जिल्हा ऑस्ट्रेलियन ब्रिगेडच्या ताब्यात होता. तथापि कुरेस येणारे-जाणारे, रजेवरचे, मालमोटारी हाकणारे हिंदी जवानही त्या शहरातून गेले. एका मोटारचालकाने वितळून एकमेकांस चिकटलेल्या बाटल्यांचा एक गोळा उचलून आणला होता. तो बरीच वर्षे त्याच्या घरी कोनाड्यात होता, पोरे त्याशी खेळत. किरणोत्साराची भीती तेव्हा कोणी कोणास सांगितली नव्हती. तेथील धूळ अंगावर घेऊन हे लोक तळावर परतत व त्याच हातांनी जेवत. ऑस्ट्रेलियातील त्यांच्या बरोबरीच्या सैनिकांनी हा प्रश्न अनेक दशके लावून धरिला, आणि अखेर २०१७ साली तेथील सरकारने जपानच्या ताबा सेनेत राहिलेल्यांस संपूर्ण वैद्यकीय उपचारांचा हक्क देण्याचे ठरविले. तोवर बहुतेकांनी नव्वदी गाठली होती. आपल्याकडील मोटारचालकास अशा कोणत्या हक्काची कल्पनाही नव्हती. त्याला काय झाले होते हे कोणी तपासले नाही. तेव्हा त्याच्या मृत्यूचे कारण जोडून दाखविण्याचा उतावळेपणा येथे करावयाचा नाही. परंतु एकाच बंदरात, एकाच छावणीत राहिलेल्या दोन शिपायांपैकी एकाची विचारपूस त्याच्या सरकारने केली व दुसऱ्याची कोणीच केली नाही, एवढे नोंदवून ठेविले पाहिजे.

आता भाताविषयी. या प्रकरणी थोडा विस्तार होईल, पण आपल्या वाचकांस तो आवडेल. शिमाने व तोत्तोरी हे दोन्ही प्रांत भातशेतीचे. एका बाजूस डोंगर, मधून नदी, उतारावर बांध घालून केलेली खाचरे. आपले लोक ते पाहून पहिल्याच दिवशी ‘हे तर आपल्या डोळखांबसारखे’ म्हणाले. फरक पद्धतीचा होता. आपल्याकडे जमीन भाजावयाची म्हणून रानातील टहाळ तोडून, शेण-पाला पसरून राब करावयाचा, त्यात बी दाट पेरावयाचे आणि लावणीच्या वेळी, जिला आपण आवणी म्हणतो, रोपांचा मूठभर चूड चिखलात खोचीत जावयाचे. जपानी शेतकरी गादीवाफ्यावर बी पातळ पेरी, दोरी धरून सरळ ओळीत दोन-तीनच काड्या लावी, आणि ओळींमधून हाताने ढकलावयाचे दातेरी चाकाचे कोळपे फिरवी. खत म्हणून तो काय वापरी ते सांगताना आमचे शिपाई नाक मुरडीत, पण पिकाकडे पाहून मान डोलावीत.

यांपैकी मुरबाड तालुक्यातील एका नाइकाने परत आल्यावर, बहुधा १९४८ च्या पावसाळ्यात, घरच्या एका खाचरात दोरी धरून लावणी केली. बायका हसल्या, असे मोजून लावले तर श्रावण उजाडेल म्हणाल्या. त्याच्या बापाने तर पुढील वर्षी दोरीच लपवून ठेविली. पुढे १९५३ च्या सुमारास सरकारने जपानी भातशेतीची देशव्यापी मोहीम काढिली, बोरिवलीच्या कोरा केंद्राने तिचा पुरस्कार केला, आणि तेच गादीवाफे, तीच दोरी व तेच कोळपे घेऊन सरकारी माणूस गावात आला. तेव्हा गावकऱ्यांनी त्यास या नाइकाच्या बांधावर नेऊन उभे केले. सरकारी माणसाने चित्रे दाखविली. नाइकाने ती उलटी धरली आहेत हे सांगून सरळ करून दिली. ही गोष्ट त्या गावात अजून सांगतात. पद्धत मात्र सर्वत्र रुजली नाही, कारण खताला पैसा लागे आणि लावणीच्या दिवसांत मजूर मिळणे दुरापास्त होई. राब आजही भाजले जातातच.

जपानातील हिंदी तुकड्या १९४७ मध्ये परतल्या. जाताना ज्या देशाची फौज म्हणून गेलो तो देश परतेपर्यंत दोन झाला होता. बरोबरची पंजाब पलटण सैन्याच्या वाटणीत पाकिस्तानकडे गेली. एकाच छावणीत दीड वर्ष शेजारी राहिलेले, एकमेकांच्या सणांना गोड खाल्लेले लोक एका कागदाने परके झाले. एक सुभेदार सांगत की, निरोपाच्या वेळी पंजाबी सोबत्याने आपली कंबरेची पेटी काढून दिली व यांनी आपले घड्याळ दिले. चार महिन्यांत काश्मीरच्या लढाईची बातमी आली, तेव्हा ती पेटी बांधावी की ठेवून द्यावी हे समजेना.

परतल्यावर काय मिळाले? ज्यांची नोकरी चालू राहिली ते सुखी झाले. परंतु युद्धकाळात भरती झालेल्या बहुसंख्यांस पाच-सहा वर्षांनी थोडी बक्षीस-रक्कम देऊन घरी पाठविण्यात आले. शिपायाच्या निवृत्तिवेतनास १५ वर्षांची नोकरी लागते. त्यामुळे इटली व जपान पाहून आलेला मनुष्य पुन्हा मोसमी मजूर झाला. कोणी मुंबईस गिरणीत गेला, कोणी रेल्वेत, कोणी पुढे अंबरनाथच्या आयुध कारखान्यात चिकटला. पुढे पुष्कळ वर्षांनी राज्य शासनाने दुसऱ्या महायुद्धातील माजी सैनिकांस व त्यांच्या विधवांस मासिक अनुदान सुरू केले, ही समाधानाची गोष्ट. पण त्यासाठी कागद लागतो, आणि कागद उंदरांनी व पावसाने खाल्लेला असे. प्रस्तुत लेखकाच्या ओट्यावरील अर्जांपैकी निम्मे तरी या एकाच कारणाने परत आले.

एक प्राप्ती मात्र सर्वांच्या पदरी पडली, ती अक्षरओळखीची. लष्करी शाळेत रोमन लिपीत हिंदुस्तानी शिकवीत. तिसऱ्या, दुसऱ्या वर्गाचे दाखले असत, व त्यावर बढती अवलंबून असे. अंगठा उठविणारा तरुण सही करणारा होऊन परतला. आपल्या दोन तालुक्यांत स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दहा वर्षांत ज्या वाड्यांवर शाळा निघाल्या, त्यांच्या खोलीसाठी जागा देणाऱ्यांत व मुलीला शाळेत पाठविणाऱ्या पहिल्या दोन-चार बापांत एखादा माजी शिपाई हटकून सापडतो. हे विधान कोणत्या अहवालावरून केलेले नाही. शाळांच्या जुन्या दाखल-रजिस्टरांत पालकाच्या धंद्याचा रकाना पाहत गेल्यावर झालेले हे मत आहे.

जपाननंतरचे दुसरे प्रकरण कोरियाचे. येथे पारतंत्र्याचा डंख नाही, म्हणून ते सांगताना म्हाताऱ्यांचा आवाज मोकळा असे. २७ जुलै १९५३ रोजी कोरियात युद्धविराम झाला. मायदेशी परत जावयाचे नाकारणाऱ्या युद्धकैद्यांचे काय करावयाचे, हा प्रश्न राहिला. त्यासाठी पाच तटस्थ राष्ट्रांचे मंडळ नेमले गेले व त्याचे अध्यक्षपद भारताकडे, म्हणजे त्याच जनरल थिमय्यांकडे आले. कैद्यांच्या रखवालीस जी भारतीय सेना गेली तिचे सेनापती मेजर जनरल शंकरराव थोरात, हे आपल्या कोल्हापूरकडचे. तिच्यात पॅराशूट रेजिमेंटची दुसरी, मराठा बटालियनही होती. पूर्वी मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी पलटण म्हणून ज्या पलटणीत इटलीत नाईक यशवंत घाडगे यांनी १० जुलै १९४४ रोजी देह ठेवून व्हिक्टोरिया क्रॉस मिळविला, तीच ही.

दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन ऱ्ही यांचा भारतावर इतका रोष की, भारतीय सैनिकाचे पाऊल आपल्या भूमीवर पडू देणार नाही असे त्यांनी बजाविले. म्हणून इंचॉन बंदरात जहाजे नांगरून तेथून अमेरिकन हेलिकॉप्टरांतून आपली सेना निर्लष्करी पट्ट्यात उचलून नेण्यात आली. तोवर ज्याने एस. टी.चा प्रवासही मोजकाच केला होता अशा आपल्या मुरबाडच्या एका जवानाने हेलिकॉप्टरचे वर्णन ‘उडते जाते’ असे केले. आवाज आणि थरथर दोन्ही जात्याची, असे त्याचे म्हणणे. त्या पट्ट्यात जो तळ उभारला त्यास ‘हिंदनगर’ असे नाव दिले होते.

तेथे दक्षिणेकडील पक्षाने सोपविलेले २२ हजारांहून अधिक चिनी व कोरियन कैदी होते, उत्तरेकडील पक्षाचे अवघे ३५९. कैदी रोज घोषणा देत, दगड मारीत, एकमेकांचा छळ करीत. सप्टेंबरच्या अखेरीस त्यांनी मेजर ग्रेवाल यांस आत ओढून नेऊन ओलीस धरिले. तेव्हा थोरात मोजके सोबती घेऊन स्वतः त्या जमावात शिरले, सिगारेटी वाटल्या, बोलत राहिले, आणि आपला अधिकारी सोडवून बाहेर आले. ऑक्टोबरच्या आरंभी मात्र गोळी चालवावी लागली व काही कैदी मेले. हे लपविण्यात अर्थ नाही. तथापि सहा महिने, गोठविणाऱ्या थंडीत, दोन्ही बाजूंची शिवीगाळ ऐकत ज्या संयमाने आपल्या सैनिकांनी ते कुंपण राखले, त्याला तोड नाही असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. लढणे सोपे, मार खाऊन हात आवरणे अवघड, हे आपल्या त्या मुरबाडकराचे वाक्य होते. जानेवारी १९५४ मध्ये कैदी सोडून देण्यात आले. कोठेच जाऊ न इच्छिणारे ऐंशीहून अधिक कैदी आपल्या सेनेबरोबर बोटीने भारतात आले.

तिसरे ठाणे गाझाचे. नोव्हेंबर १९५६ पासून १९६७ पर्यंत संयुक्त राष्ट्रांच्या सेनेत भारतीय तुकड्या पाळीपाळीने तेथे राहिल्या. त्याविषयी आपल्या भागातून दोनच हकिगती मिळाल्या, त्याही वाळू, खजूर आणि अंगमोडीच्या. पगारातून बचत चांगली झाली, एकाने विहीर बांधली. जून १९६७ च्या युद्धात तेथील काही भारतीय जवान प्राणांस मुकले. त्यांत आपल्या तालुक्यांतील कोणी असल्याचे ऐकिवात नाही.

ज्या घरांत अशी पुस्तके वा पदके असतील त्यांनी ती भंगारात देण्यापूर्वी त्यांतील सैनिक क्रमांक तेवढा लिहून ठेवावा. पदकाच्या कडेवर क्रमांक व नाव कोरलेले असते. राखेने न घासता भिंगाने पाहावे. मराठा पलटणींचे दप्तर बेळगावास, सर्व्हिस कोअरचे व पायोनिअरचे बंगळूरास आहे. क्रमांकावाचून तेथे काही निघत नाही. ठाण्यास जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे, तेथे अर्ज करता येतो. संघाच्या कार्यालयात छायाप्रत दिल्यास यादीचे काम पुढे सरकेल. आजवर नऊ घरांतून पुस्तके पाहावयास मिळाली. त्यांतील एक शहापूर तालुक्यातील एका पाड्यावरचे आहे. सून ते देव्हाऱ्यात ठेविते. परदेशी सेवेच्या रकान्यात त्यात एकच शब्द आहे, जपान, आणि पुढे दोन तारखा. पहिली तारीख १९४६ ची स्पष्ट वाचता येते. दुसरीवर कुंकवाचे बोट पडलेले आहे.